दादांचा आवाज राहिला

पालघरहून, वाणगावहून आलेल्या पाव्हण्यांनो, चिंचणीकरांनो, मला नीट बोलता येईल असं वाटत नाही. मी फोटो काढणारा. माणसांना गप्प बसवणं हा माझा धंदा. आणि आज मधूबद्दल बोलायचं, तेही मधू नसताना. काविळीनं बघता बघता नेला हो त्याला.

मधूनं सिनेमा केला. तेव्हा तुम्ही सगळे हसलात. दोन भाऊ वेगळे होतात आणि शेवटी एक होतात, एवढीच गोष्ट. कॅमेरा माझा, जुना, आवाज न धरणारा. आवाज मागाहून मुंबईत भरायचे. घर मधूचंच, नट घरातलेच. थोरल्या भावाचं काम थोरल्या भावानंच केलं, आपल्या हरीदादांनी. धाकटा शंकर म्हणजे मधू स्वतः.

दादांना वाडीतून सवड नसायची. म्हणून त्यांचे सगळे प्रसंग आधी उरकले, अगदी शेवटचासुद्धा. धाकट्याच्या दारात उभं राहून त्यांनी म्हणायचं, ‘शंकर, चल घरी. तुजं ताट वाडलंय.’ दादा म्हणाले, ‘मधू, चल घरी.’ मी ओरडलो, चुकलं! मधू म्हणाला, ‘राहू दे. परत काढायला फिल्म कुटं हाय?’ त्याचे डोळे भरले होते. मी पाहिलं.

मग राहिला वाटणीचा प्रसंग. पडवीत मधूनं दुसरी चूल घातली, नुसती दाखवायला. पण नवी चूल कोरी कशी ठेवायची? मधूची बायको, या आपल्या सुमनवहिनी, त्यांनी रीत म्हणून तिच्यावर दूध उतू घालवलं. झालं! एका घरातून दोन धूर निघाले. आणि आपण काय केलं, मंडळी? दादा वाडीतून येईपर्यंतही आपल्याला धीर निघाला नाही. बाजारातच त्यांना गाठून सांगितलं, भाऊ वेगळा झाला.

वहिनींनी परोपरीनं समजावलं. दादा म्हणाले, ‘खेळातली चूल, तर दूद कशाला?’ मधूही तसाच मानी. म्हणाला, ‘दादाला मी खोटा वाटतो, तर काय सांगू?’ ती खोटी चूल मग खरीच पेटत राहिली.

सगळ्यांचे आवाज भरून झाले. दादा आले नाहीत. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचा आवाज घालू. मधू माझ्यावर केवढा चिडला! ‘ओट दादाचे हायत. त्या ओटांवर माजं नाव हाय. दुसऱ्याच्या तोंडून नाय ऐकायचं मला.’

आजारातसुद्धा दाराकडे तोंड करून पडायचा. कुणी आलं की मान उचलायचा. माणूस बघायचा, आणि मान टाकायचा. मला ते अजून सहन होत नाही.

आता उभं राहून शांतता पाळायची रीत आहे. मी एवढ्यात सांगणार नाही. त्या पोराला शांतता फार मिळाली.

हरीदादा, तुम्ही मघापासून दारात उभे आहात. आत या असंही म्हणत नाही. सिनेमात तुम्ही दारातच होतात. तेवढं एक वाक्य बोला, दादा. त्याच्या नावासकट.

मग आम्ही सगळे गप्प उभे राहू.