एकेचाळीस कच्चे पत्ते

...हेवा? मला? तिचा? छे हो. अकरा वर्षं राबूनही मला खिडकीजवळची जागा मिळाली नाही आणि त्या नव्या मुलीला आल्या आल्या मिळाली, एवढंच म्हणतोय, बाकी माझं काही म्हणणं नाही. तुम्हाला सांगतो, आमचं काम तसं साधं. लोकांचे प्रोग्रॅम ज्याच्यावर चालतात ते इंजिन आम्ही बनवतो. त्यात एक झाडूवाला असतो, म्हणजे तोही प्रोग्रॅमच, कोणी मेमरीत नवी जागा मागितली की हा हजर, नको ती माहिती फेकतो आणि हवी ती उचलून दुसरीकडे सरकवतो. आता तुम्ही सरकवलेल्या माहितीचा जुनाच पत्ता हातात धरून बसलात तर? दार उघडणारा भलताच निघतो आणि इंजिन जागच्या जागी कोसळतं. असा तो कच्चा पत्ता. झाडूवाल्याकडे नोंदवून ठेवला की पक्का, मग तो स्वतःच बदलून देतो.

तर इंजिन कोसळत होतं. ग्राहकाकडे, चार दिवसांतून एकदा. आमच्याकडे? कधीच नाही. सहा आठवडे मी डोळ्यांत तेल घालून एकेक ओळ वाचली, आणि ही बाई दोन दिवसांत एक तपासनीस लिहून मोकळी... तो आमचा प्रोग्रॅम नुसता वाचतो आणि सांगतो, इथे पत्ता कच्चा आहे आणि तो हातात असताना झाडूवाला येऊ शकतो. एकेचाळीस जागा काढल्या. त्यातल्या तेहतीस माझ्या. हेवा नाही हो, पण प्रत्येक जागेपुढे लिहिणाऱ्याचं नाव छापायची काय गरज होती? वर साहेब नाकातून म्हणतात, "अहो, बघा जरा, किती सोप्पं करून टाकलं तिनं."

यादी घरी नेली. तिचा तपासनीस कुठे चुकलाय ते शोधत बसलो आणि सापडलं की! सतरावी जागा. तिथे माझंच एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा छोटा तुकडा, नुसता आकडा तपासतं, नवी जागा मागतच नाही, मग झाडूवाला येईलच कशाला? दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभा राहिलो, यंत्रावर आंधळा विश्वास नको वगैरे चांगलं पाच मिनिटं बोललो.

ती म्हणाली, "सर, आकडा चुकीचा आला तर?"

म्हटलं, तर काय, चूक झाली असा संदेश तयार होईल आणि... संदेश तयार करायचा म्हणजे जागा मागायची! ग्राहकाकडे चार दिवसांतून एकदा चुकीचा आकडा येत होता. सहा आठवडे शोधत होतो ती चूक माझी, माझ्याच हातची.

वाटलं, आता ही गालातल्या गालात तरी हसेल, म्हणजे मला रीतसर राग धरता येईल. तर साहेबांना म्हणते, "सरांनीच शोधलं. त्यांनी बोट ठेवलं नसतं तर मी यादीतच अडकले असते."

टाळ्या पडल्या. मला. हेवा नाही हो, पण इतकं चांगलं वागून दुसऱ्याची पंचाईत करावी का माणसानं?

घरी बायकोला सगळं सांगितलं, निदान तिनं तरी माझी बाजू घ्यावी म्हणून. शांतपणे ऐकून घेतलं तिनं, आणि म्हणाली, "अहो, इतकी गुणी मुलगी, एकदा जेवायला बोलवा की तिला."

...रविवारी येतेय. भाजी चिरायला मी आहे.