राग पाच, अभिमान पाच

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या वेदना विभागाचे प्रमुख डॉ. उदयसिंह सर, व्यासपीठावरील सन्माननीय विश्वस्त, माझ्या सहकारी भगिनींनो, बंधूंनो, आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसलेल्या केशरबाई, सर्वांना माझा नमस्कार.

केशरबाईंचं नाव निमंत्रणाच्या यादीत नव्हतं. त्यांना मी बोलावलंय. रबाळ्याहून रिक्षा करून आल्यात. का, ते ओघात येईलच.

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. सहकारी जयमालाने तर माझ्याबद्दल इतकं गोड सांगितलं, की ही बाई कोण असा मलाच प्रश्न पडला. म्हणाली, राजश्रीताईंना चिडलेलं कधी पाहिलं नाही. खरं आहे. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचा राग मोजत होते, स्वतःचा काढायला सवड कुठे होती?

पाहुण्यांना माझं काम ठाऊक नसेल. कंबर, मान, गुडघे वर्षानुवर्षं दुखणाऱ्या बायका आमच्याकडे येतात. त्यांच्याकडून मी एक फॉर्म भरून घेते. त्यात वीस भावना असतात, दहा चांगल्या, दहा वाईट. उत्साह, अभिमान, भीती, लाज, राग वगैरे. प्रत्येक भावनेला एक ते पाच गुण द्यायचे. सोपं वाटतं ना? शेजारी नवरा बसलेला असताना बाईला विचारून बघा, राग किती येतो म्हणून. ती त्याच्याकडे बघते आणि तोच सांगतो, एक लिहा, ती शांत आहे. नवऱ्यांना आधी चहाला पाठवायचं, हे कळायला मला पाच वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी केशरबाई आल्या. कारखान्यात पॅकिंगला होत्या, आठ तास उभ्याने काम. त्या म्हणाल्या, "राग पाच लिव्हा. अन् अभिमान बी पाच लिव्हा." मी विचारलं, दोन्ही कसं? तर म्हणाल्या, "सात वर्सं मागितली तवा बसायला खुर्ची भेटली, म्हनून राग. पन म्या मागितली म्हनून अकरा बायांना भेटली, म्हनून अभिमान."

याहून स्पष्ट उत्तर मला एकोणीस वर्षांत कुणी दिलं नाही.

पण आपल्या विभागाचा एक नियम आहे. सर, तुम्ही केलेला आणि मी मुकाट पाळलेला. चांगल्या आणि वाईट, दोन्ही भावनांना वरचे गुण आले तर बाईला प्रश्नच कळला नाही असं समजायचं आणि फॉर्म रद्द करायचा. दोन्हींना पाच का, ते मी बाईंच्या तोंडून ऐकलंय, असं मी तेव्हा सांगून पाहिलं. सर म्हणाले, "ताई, आकड्यांत गोष्टी आणू नका." मी लाल पेनाने 'रद्द' लिहिलं आणि खाली सही केली. फॉर्मबरोबर जी पुस्तिका आली होती, तिच्यात स्वच्छ लिहिलंय, की चांगल्या आणि वाईट भावना वेगवेगळ्या मोजायच्या, एक वाढली म्हणजे दुसरी घटते असं नाही. मी ती गेल्या दिवाळीत वाचली. आपल्यापैकी कुणी वाचली होती?

फॉर्म कपाटात पडून राहिला असता तर एक वेळ चाललं असतं. पण केसपेपरवर शेरा पडला, 'उत्तरे विश्वासार्ह नाहीत.' पुढच्या प्रत्येकाने आधी तो शेरा वाचला आणि मग बाईकडे पाहिलं. पाय बधिर होतोय म्हणाल्या, तर गोळ्या दिल्या आणि मन रमवायला सांगितलं. दहा महिन्यांनी दुसरीकडे एमआरआय झाला, तेव्हा दबलेली नस सापडली. आज त्यांचं डावं पाऊल उचलत नाही. नोकरी गेली. जिच्यासाठी सात वर्षं भांडल्या, त्या खुर्चीवर त्या जेमतेम वर्षभर बसल्या.

मला संताप येतो. सरांचा येतो, आणि त्या सहीचा त्याहून जास्त येतो. असे त्रेचाळीस फॉर्म कपाटात आहेत. पुढच्या महिन्यात या फॉर्मांवरचा आपला अहवाल छापायला जाईल. आपल्या रुग्ण स्त्रिया एकंदरीत शांत आणि समाधानी आहेत, असं त्यात लिहिलंय. असणारच. चिडूनही ताठ राहिलेल्या सगळ्या आपण वगळल्यात.

निघताना कपाटाची किल्ली विभागप्रमुखांना द्यायचा शिरस्ता आहे. माफ करा सर, मी ती विश्वस्तांच्या हातात देतेय. ते त्रेचाळीस फॉर्म अहवालात घ्या आणि त्रेचाळीस केसपेपरांवरचा शेरा खोडा. छपाई त्यासाठी थांबली तर थांबू द्या.

आपण सर्वांनी इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. त्या सहीची माफी मात्र मी या सभागृहाकडे मागत नाही. केशरबाई, ती तुमच्याकडे मागते, आणि तुम्ही दिली नाहीत तरी ते बरोबरच आहे.

आता शेवटचं. निवृत्त होणाऱ्याने गंमत म्हणून आपलाच फॉर्म भरून वाचायचा, ही आमच्या विभागाची प्रथा. सगळे जण उत्साह पाच, राग एक लिहितात आणि टाळ्या घेतात. मीही सकाळी भरलाय. राग पाच. अभिमान पाच, कारण आज बोलले. म्हणजे नियमाने माझाही फॉर्म रद्द. सर, लाल पेन तुमच्यासमोर ठेवतेय. या वेळी सही तुम्ही करा.