गैरहजर काकांची हजेरी

२००८ सालची गोष्ट. बोळिंजला दातांच्या डॉक्टरकडे सुरुची गाल धरून बसली होती. तोंड उघडायची सोय नसल्याने ऐकणं आलंच. शेजारच्या खुर्चीतले काका पेपराआड होते. त्यांच्यापुढे डबा घेतलेला एक तरुण येऊन उभा राहिला.

"विद्याधरकाका, आभार मानायला आलोय."

"कसले? तुमच्या मोरीच्या गळतीवरून दोन वर्षं अबोला आहे आपला. तुझ्या बहिणीच्या, अश्लेषाच्या लग्नालाही आलो नाही मी."

"हॉलवर नाही आलात. पण लग्न आम्ही इंटरनेटवर लाइव्ह दाखवत होतो, तिथे हळदीपासून होतात."

"कोण म्हणतं?"

"बघणाऱ्यांच्या यादीत नाव दिसतं, काका. हॉलवरची नेटची लाइन चौघांनाच पुरते. मग प्रत्येक बघणाऱ्याचा कॉम्प्युटर पुढच्याला चित्र देतो."

"म्हणजे मला न विचारता वाढपी केलंत?"

"हो. मंगलाष्टकांना एकदम साठ जण आले. सगळे मागणारे. चित्र थिजलं. मस्कतला राधिकाताई रडकुंडीला आली. आठवा महिना, विमानात घेत नाहीत. बहिणीवर अक्षता पडताना तिला दिसल्या, त्या तुमच्या कॉम्प्युटरवरून."

"बंद करायचा राहिला असेल."

"मधे नेट गेलं, तेव्हा दोनदा पुन्हा जोडलात."

पेपर खाली आला.

"राधिका बरी आहे ना?"

"मजेत. बाबांनी लाडू पाठवलेत. तिकडचं बारसंही दाखवणार आहोत. ते म्हणाले, या वेळी वर आमच्याकडे येऊन बघा."

"छे! मग खालून वाढायला कोण?"