थिनरला कुठलं कळतंय

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आगारातील माझ्या सहकारी बंधुभगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे मिस्त्रीकाका,

पत्रिकेवर 'स्वेच्छानिवृत्ती' असा शब्द छापलाय. तो कुणाला सुचला, देव जाणे. मी इथल्या प्रयोगशाळेत तेल तपासते, शब्दांवर माझा काही अधिकार नाही. ग्रीसवर मात्र थोडाफार आहे, तेव्हा त्याबद्दलच बोलते. जांभया आल्या तर खुशाल द्या.

तेला-पाण्याचं वैर असतं, असं आपण म्हणतो. वैरबिर काही नसतं हो. पाण्याच्या कणांना एकमेकांचीच इतकी ओढ, की ते आपली साखळी सोडून ग्रीसला आत घेत नाहीत. ग्रीसच्या कणाला पाण्यानं धरावं असं टोकच नाही. बिचारं बाहेर राहतं. साबण मध्यस्थी करतो, पण गिअरबॉक्समधलं जुनं काळं ग्रीस त्यालाही दाद देत नाही. त्याला थिनरच लागतं. थिनर ग्रीसच्याच जातकुळीचं, लगेच एकजीव होतं.

काका सुटे भाग थिनरमध्ये धुवायचे आणि सुट्टी झाली की हातही त्यातच. मी कितीदा म्हटलं, "काका, नका हो असं करू."

"अगं पोरी, तुझी काकू अंथरुणाला खिळलीय. हाताला ग्रीसचा वास आला की घासच घेत नाही. उपाशी ठेवू तिला?"



आता हे ग्रीस गाडीचं आणि हे तेल माणसाच्या कातडीचं, हे थिनरला कुठलं कळतंय? त्यानं दोन्ही नेलं. कातडीला भेगा पडल्या, बोटं वाकेनाशी झाली. हातमोजे मागवले होते, मान्यवरांना स्मरत असेल. आले, थिनरनं फुगले आणि आठवड्यात फाटले. पुन्हा मागितले तेव्हा, "आत्ताच तर दिले होते," असं उत्तर मिळालं.

हल्ली काकांना चमचाही धरवत नाही. काकूंना शेजारीण भरवते. काकू तोंड फिरवतात, अर्धपोटी राहतात. काका समोरच बसलेले असतात. मला याचं फार वाईट वाटतं आणि, अध्यक्षमहोदय, रागही येतो.

असो. काका, आगारातल्या प्रत्येक गाडीच्या वतीनं तुमचे आभार. अध्यक्षमहोदय, मला बोलू दिलंत, आपलेही आभार. अधिक-उणं बोलले असेन तर पोटात घाला. आणि एक विनंती. आता सगळे काकांना भेटायला पुढे याल, तेव्हा त्यांचा हात हातात घेऊ नका. भिडेपोटी ते नाही म्हणणार नाहीत, पण त्यांना दुखतं.