बदकाच्या आवाजावर गाडी थांबवल्याबाबत

जबाब देणार: घरात आबा, डेपोत ‘डबलबेल’. वय ७१ वर्षे. धंदा: निवृत्त बसचालक, सध्या नातीला बालवाडीत सोडणे व आणणे. राहणार: पाण्याच्या टाकीमागची वसाहत, तळमजला. पूर्ण नाव कागदाच्या माथ्यावर लिहून घेतले आहे, ते मी पाहिले, बरोबर आहे.

मी पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी येऊन, शुद्धीत राहून, कोणीही न पढवता (मुलाने पढवून पाहिले, ते पुढे येईल) विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर मुलगा, सून व नात यांच्यासह राहतो. नात साडेतीन वर्षांची आहे. तिला घरात गोटी म्हणतात, कारण ठेवाल तिथे ती राहत नाही.

निळ्या गाडीच्या चालकांनी माझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे. तिच्यात म्हटले आहे की, मी गुरुवारी सकाळी भर रस्त्यात विनाकारण गाडी थांबवली, त्यामुळे त्यांची गाडी माझ्या गाडीवर आदळली, मला डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि वयामुळे माझे लायसन्स रद्द करावे. डोळ्यांबाबत सांगतो की, हवालदारसाहेबांच्या मागे भिंतीवर जो तक्ता लावला आहे, त्याची सर्वांत खालची ओळ मी बसल्या जागेवरून वाचून दाखवली. ती बरोबर वाचली का, हे बघायला हवालदारसाहेबांना उठून तक्त्याला नाक लावावे लागले.

लायसन्स गेले तर माझे बाकी काही अडणार नाही. भाजी चालत जाऊन आणता येते. पण गोटीला सोडायला मी जाऊ शकणार नाही, आणि दिवसातला तेवढाच वेळ ती एकट्या माझी असते. ते मला फार लागेल. हवालदारसाहेब म्हणाले, ‘आजोबा, जबाबात भावना लिहीत नाहीत.’ मी म्हणालो, ‘मग परिणाम म्हणून लिहा.’

मी सगळी नोकरी बस चालवण्यात घालवली. ब्रेक असा लावायचा की उभ्या माणसाने दांडी धरली नसेल तरी त्याचा तोल जाऊ नये, हे मी नव्या चालकांना शिकवत असे. मला डबलबेल म्हणत, कारण कंडक्टरने दोन घंट्या दिल्याशिवाय मी गाडी तसूभर हलवत नसे, मागे अख्खा रस्ता बोंबलत असला तरी. आणि एक घंटी आली की थांबत असे. चालकाला मागचे दिसत नाही. मागचे ज्याला दिसते, त्याचे ऐकायचे असते. यात अक्कल पाजळायला जागा नाही.

गाडीत मुलांची सीट बसवण्याचा आग्रह सुनेचा. मुलगा म्हणाला, ‘एवढ्याशा अंतराला कशाला? मांडीवर बसेल की.’ सून म्हणाली, ‘रोज मांडी घेऊन तू येणार आहेस का?’ तिथे विषय संपला. सीट तिने आणि मी मिळून बसवली. ती माहितीपुस्तक मोठ्याने वाचत होती आणि मी तसे करत होतो. सीट मागच्या बाकावर ठेवली, गाडीचा पट्टा सीटच्या पाठीमागच्या खाचांतून ओवला, मी सीटमध्ये गुडघा रोवून अंगाचा सगळा भार टाकला आणि सुनेने पट्टा ओढला. मग सीटच्या माथ्याची पट्टी बाकामागच्या हुकात अडकवली. सुनेने सीट बुडाशी धरून हलवून पाहिली. बोटभर हलली. ती म्हणाली, ‘परत.’ मी परत गुडघा रोवला. ती ‘परत’ म्हणायची थांबली तोवर माझा गुडघा कामातून गेला होता. पण सीट अशी बसली की, ती हलवायला गेले की गाडीच हलत असे.

पट्ट्यांचे नियम सुनेचे आहेत व मला पाठ आहेत. जाड जाकीट आधी उतरवायचे, कारण पट्टा जाकिटाला घट्ट बसतो आणि आत मूल सैलच राहते. मग दोन्ही खांद्यांवरून पट्टे घ्यायचे, बकल टक् वाजेपर्यंत दाबायचे, पट्टे ओढायचे आणि खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून पाहायचा. चिमटीत आला तर अजून ओढायचा. थंडी असेल तर जाकीट वरून पांघरायचे.

घंटीची कल्पना माझी. मी सायकलची घंटी आणून सीटला बांधली होती. सून म्हणाली, ‘बाबा, गाडीला हिसका बसला तर हे लोखंड हिच्या दातांवर येईल.’ घंटी काढली. संध्याकाळी तिने गोटीचे आंघोळीचे रबरी बदक आणून दिले. ते दाबले की ‘प्यां’ असे वाजते. दोनदा वाजले की निघायचे, एकदा वाजले की थांबायचे. पट्टा सुटला, उलटी आली किंवा दार उघडे दिसले तरच एकदा वाजवायचे, असे मी गोटीला शिकवले. सुरुवातीला तिने आइस्क्रीमच्या दुकानासमोर वाजवले होते. मी कडेला थांबलो, उतरून सगळे पट्टे तपासले, दार तपासले, आणि एक शब्द न बोलता पुढे निघालो. त्यानंतर तिने उगाच कधी वाजवलेले नाही.

हवालदारसाहेबांनी लेखणी थांबवून विचारले, ‘आजोबा, खरंच बदक लिहू?’ मी म्हणालो, ‘बदकच लिहा. सदर पक्षी वगैरे करू नका.’

गुरुवारी सकाळी थंडी होती. साडेआठच्या सुमारास मी गाडी बाहेर काढली, पुढची काच पुसली, चाकांवर नजर टाकली व चालकाच्या जागेवर बसलो. मागे बकल वाजले. मागचे दार लागले. बदक दोनदा वाजले. मी गाडी सोडली. गाडीत गोटी व मी असे दोघेच होतो. सुनेला कामावर जायची तयारी करायची असल्याने ती घरी थांबली.

मोठ्या चौकातला सिग्नल हिरवा झाला आणि मी सरळ निघालो. डाव्या बाजूला एका दुकानासमोर टेम्पोतून सामान उतरत होते, त्यामुळे कडेला जागा नव्हती. मी दुसऱ्या गिअरमध्ये असताना बदक एकदा वाजले. मी आतल्या आरशात पाहिले. गोटीचा उजवा हात पट्ट्याबाहेर आला होता आणि पट्टा कोपरापर्यंत घसरला होता. ती आरशातून माझ्याकडेच बघत होती. मी डावा दिवा लावला आणि थांबलो. ब्रेक करकचून मारलेला नाही. माझ्या शेजारच्या सीटवर गोटीची पाण्याची बाटली उभी होती, ती उभीच राहिली.

टेम्पोच्या पुढे जाऊन कडेला थांबता आले असते का, असे हवालदारसाहेबांनी विचारले. आले असते. थोडे पुढे जागा होती. पण पट्टा सुटलेले मूल मागे ठेवून मी तेवढीही गाडी चालवत नाही. माझे हे करणे कायद्यात बसत नसेल तर जो काही दंड असेल तो लावावा. मी पुन्हा तसेच करीन.

मी पूर्ण थांबलो होतो, हँडब्रेक ओढला होता, आणि उतरण्यासाठी स्वतःचा पट्टा सोडायला हात खाली नेला, एवढ्यात मागून धडक बसली. निळ्या गाडीच्या चालकांच्या हातात मोबाईल होता का, हे मी पाहिलेले नाही. मी गोटीकडे बघत होतो. त्या वेळी ते काय करत होते ते त्यांनीच सांगावे. मी एवढेच म्हणतो की, पुढची गाडी कधीही थांबू शकते, हे धरूनच मागच्याने अंतर ठेवायचे असते. पुढची गाडी बदकामुळे थांबली की हत्तीमुळे, याने त्या अंतरात फरक पडत नाही.

धडक बसल्यावर मागून आवाज आला नाही. रडण्याचा नाही की बदकाचा नाही. माझी मान वळत नव्हती. आरसा वाकडा होऊन त्यात फक्त गाडीचे छत दिसत होते. मी गोटीला हाक मारली की नाही, ते आठवत नाही. एवढा मी जन्मात कधी घाबरलो नव्हतो. मग ती म्हणाली, ‘आबा, आपल्याला कोणी ढकललं?’

तिचा ओठ दाताखाली येऊन थोडे रक्त आले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळे तपासून बाकी काही नाही असे सांगितले. सीट बसवली होती तिथून हललेली नव्हती. माझ्या गळ्यात हा पट्टा मान लचकल्यामुळे आहे. गोटी म्हणते, आबांचं बकल वर आलं.

निळ्या गाडीचे गृहस्थ ओरडत उतरले. मागच्या काचेतून त्यांना सीट दिसली तसा त्यांचा आवाज खाली आला. ‘बाळ ठीक आहे ना?’ असे त्यांनी विचारले आणि गोटीला बाहेर काढेपर्यंत ते दार धरून उभे राहिले. तक्रारीत त्यांनी हे लिहिलेले नाही, म्हणून मी सांगतो.

दुकानदाराने फोन केल्यावरून सून धावतपळत आली. तिने गोटीला सीटमधून काढले, डोक्यापासून पायापर्यंत चाचपले, तिच्या अंगातले जाकीट उतरवले आणि ते हातात धरून गाडीकडे बघत बराच वेळ उभी राहिली. माझ्याशी बोलली नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत बोललेली नाही. ताट वाढते, माझ्या गोळ्या काढून ठेवते आणि आत निघून जाते. गोटीला ती स्वतः चालत सोडते. तिचा माझ्यावरचा भरवसा उडाला असावा, असे मी समजतो. लायसन्स राहिले आणि तिने गोटीला माझ्या गाडीत बसवले नाही, तर ते लायसन्स मला काय चाटायचे आहे?

काल मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, ‘बाबा, बदक वाजलं म्हणून थांबलो, असं ठाण्यात सांगितलंत तर ते म्हणतील म्हातारा कामातून गेला. लायसन्स हातचं जाईल. कुत्रा आडवा आला म्हणा. कुत्र्याला कोण विचारायला जातंय?’ मी म्हणालो, ‘कुत्रा नव्हता.’ तो म्हणाला, ‘अहो, चौकात कुत्रे असतातच!’ मुलगा वाईट नाही. त्याला माझी काळजी आहे आणि त्याची सांगण्याची पद्धत तशी आहे.

पण गाडीत गोटी होती. कुत्रा नव्हता हे तिला माहीत आहे. पट्टा सुटला, तिने शिकवल्याप्रमाणे वाजवले, आणि आबा थांबले. आता घरात सगळे कुत्रा कुत्रा करू लागले तर ती काय समजेल? आपण वाजवले ते चुकले, त्यानेच धडक बसली, हेच ना? मग पुढच्या वेळी पट्टा सुटला तर ती गप्प बसेल. लायसन्स गेले तर माझे जाईल. ती गप्प बसलेली मला चालणार नाही. म्हणून लिहावे की, गोटीने वाजवले ते बरोबर केले, आणि मी थांबलो तेही बरोबर केले.

पट्टा सुटला कसा, गोटीला पट्टे कोणी लावले होते, असे मला विचारण्यात आले. यावर माझे म्हणणे असे की, पट्टे कोणीही लावले तरी गाडी हलवण्यापूर्वी ते तपासायचे काम चालवणाऱ्याचे असते. चालवत मी होतो. मी मागे वळून पाहिले नाही. याहून जास्त मला काही सांगायचे नाही.

जबाब वाचून दाखवणे चालू असताना सून आत आली. मुलाने तिला बाहेर बाकावर बसवले होते. दार उघडे असल्याने तिला ऐकू येत होते. ती टेबलाशी येऊन म्हणाली, ‘पट्टे मी लावले. मला उशीर होत होता. ते लिहा.’

मी हवालदारसाहेबांना म्हणालो, ‘लिहू नका. ती दमलेली आहे.’

सून म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला कुत्रा चालत नाही, आणि मी गाळलेली चालते?’

मी शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली. तिने विचारले, ‘तुम्हाला कधी कळलं?’ मी म्हणालो, ‘आरशात बघितलं तेव्हाच. जाकीट अंगात होतं.’ ती म्हणाली, ‘आणि एवढे दिवस मला एका शब्दाने बोलला नाहीत. मी रोज वाट बघतेय, आता बोलतील, मग बोलतील. मला तुमच्यासमोर उभं राहवत नव्हतं हो.’ मी म्हणालो, ‘मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीस.’ हवालदारसाहेब म्हणाले की, घरचे बोलणे घरी करावे, सुनेचा वेगळा जबाब घेता येईल. सून म्हणाली, ‘वेगळा घ्या. पण यांच्याही कागदावर राहू दे.’ मग ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिने सांगितले तसे पुढील वाक्य लिहून घेण्यात आले.

गुरुवारी सकाळी पट्टे मी, सुनेने, जाकीट न काढता लावले होते, आणि गाडी दुरुस्त होऊन आली की गोटीला बाबाच सोडायला जातील.

वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. शेवटचे वाक्य माझे नाही, सुनेचे आहे. ते मी लिहू नका म्हणालो होतो. ते खरे आहे. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.