गोंदवीराच्या बदल्यात

दुरुस्तीवाली: ...म्हणून आधीच सांगते काका, फोन उघडते, पण हमी देत नाही. आतला बोर्ड पांढरा पडलाय. पाण्यात पडला होता का?

लिफ्टमन: पाण्यात नाही, खळीत. ताई कपड्यांना खळ घालत होती, तिच्या पदरातून सुटला तो थेट बादलीत. वाळल्यावर असा ताठ झाला की उशीवर ठेवला तरी उभाच राहायचा.

दुरुस्तीवाली: काही पण.

लिफ्टमन: विचार ताईला. तिनं इस्त्रीही केली त्याला, हलक्या हातानं. तू आपलं लवकर कर. ती घरी वाट बघतेय. उशीर झाला की आतून कडी घालते आणि खिडकीतून मला माझं वय विचारते.

दुरुस्तीवाली: बसा जरा त्या स्टुलावर. त्या नाही, त्याचा पाय गेलाय. शेजारच्या. चहा सांगू?

लिफ्टमन: नको. सांगितलं ना, वाट बघतेय.

दुरुस्तीवाली: बरं. हा ताईंचा फोन. मग हा दुसरा?

लिफ्टमन: तो माझा. ठणठणीत आहे, मालकासारखा.

दुरुस्तीवाली: मालक आल्यापासून खोकतोय.

लिफ्टमन: उभा जन्म बंद पेटीत गेला, बाई. लिफ्टमन होतो. जग माझ्यामुळे वर गेलं आणि मी स्टुलावर. आता मोकळी हवा लागली की छाती बिचकते.

दुरुस्तीवाली: ताईंच्या फोनमधलं काय वाचवायचंय? फोटो?

लिफ्टमन: फोटो जाऊ देत. एकातही माझं डोकं नाही. ती मापं घेणारी बाई, गळ्यापासून खालीच बघते. शिवणकाम करायची ना. सर्कशीतल्या हत्तीला चड्डी शिवली होती तिनं, सांगितलं का तुला? नंतर तो हत्ती चड्डीशिवाय तंबूत यायला लाजायचा.

दुरुस्तीवाली: काका, काय वाचवायचंय?

लिफ्टमन: कार्डं.

दुरुस्तीवाली: बँकेची?

लिफ्टमन: सुपरहिरोंची! फोनवरच असतात. रोज सकाळी ॲप एक पाकीट देतं, फाडलं की आत कार्डं. कोणी वीज फेकणारा, कोणी डोंगर उचलणारा. मग आपल्याकडचं द्यायचं, दुसऱ्याचं घ्यायचं. सौदा!

दुरुस्तीवाली: माझा भाचा खेळतो हे. दुसरीत आहे.

लिफ्टमन: मग कच्चा असेल अजून. त्याला सांग, पोलादी पतंग कोणी फुकट दिला तरी घेऊ नकोस म्हणावं.

दुरुस्तीवाली: का? भाच्याचा जीव आहे त्याच्यावर. सगळ्यात ताकदवान म्हणतो.

लिफ्टमन: ताकद गेली खड्ड्यात. उडतो तो! मी उडणारा एकही ठेवत नाही. सगळे उडायला लागले तर लिफ्टमध्ये कोण चढणार? आणि ताईला विचार, ती म्हणेल, त्याची पँट बघ. मांडीत कापड नाही. पहिल्या लाथेला उसवणार, आणि जग वाचवायचं सोडून हा हात मागे धरून भिंतीला पाठ लावून उभा.

दुरुस्तीवाली: म्हणजे ताई शिलाई बघून कार्डं ठेवतात?

लिफ्टमन: शिलाई, अस्तर, काठ. ज्याचा झगा खांद्यावर बसत नाही त्याला ती दारात उभं करत नाही. एक डोंगर उचलणारा होता, लोक त्याच्यासाठी जीव टाकत होते. हिनं दिला काढून. का, तर म्हणे काखेत जोड चुकलाय.

दुरुस्तीवाली: थांबा. बोलू नका आता. बॅटरी काढलीय, थेट वायर लावतेय. पेटला तर पेटला.

लिफ्टमन: पेटला म्हणजे कसा?

दुरुस्तीवाली: उजेड येतो तसा. आला! आला बघा. टेबलाला हात लावू नका. एकदा विझला की परत उठेल असं मला वाटत नाही.

लिफ्टमन: हात मांडीवर ठेवलेत.

दुरुस्तीवाली: पायही हलवू नका. कुठलं ॲप? हे लाल? उघडतंय. अरे देवा.

लिफ्टमन: काय?

दुरुस्तीवाली: ताईंनी खात्याला नंबर दिला नाही, पासवर्ड नाही. ‘पाहुणा’ म्हणून आत शिरल्यात. असं खातं फोनलाच चिकटलेलं असतं, काका. फोन गेला की खातं गेलं. दुसऱ्या फोनवर नेता येत नाही.

लिफ्टमन: मी सांगितलं होतं तिला, नंबर घाल. तर म्हणाली, पाहुणी म्हणून राहिलं की भांडी घासावी लागत नाहीत.

दुरुस्तीवाली: एकच वाट आहे. तो तुमचा ठणठणीत फोन द्या इकडे. हा जिवंत आहे तोवर ताईंची कार्डं सौदा करून तुमच्या खात्यात ओढायची. पण इथं फुकट काही जात नाही ना? कार्डाला कार्ड?

लिफ्टमन: कार्डाला कार्ड. द्यावं लागतं तेव्हा मिळतं.

दुरुस्तीवाली: मग तुमची नको असलेली सांगा, ती तिकडे टाकू.

लिफ्टमन: माझ्याकडे नको असलेलं एकही नाही. पण बघ, तो विसराळू बिजली आहे. वीज कुठं पाडायची तेच विसरतो. तो दे.

दुरुस्तीवाली: विसराळू बिजली. दिला. आणि ताईंकडची ही... नाही घेत. सौदा लागत नाहीये.

लिफ्टमन: तिचा फोनही तिच्यासारखाच. पुन्हा विचार, जरा गोड बोल.

दुरुस्तीवाली: गोड नाही. लिहिलंय इथं. तुमच्या दोघांत आधीचा एक सौदा अर्धवट पडलाय. ताईंनी विचारलंय, तुम्ही उत्तर दिलेलं नाही. तो मिटल्याशिवाय दुसरा लागत नाही.

लिफ्टमन: असेल. रोज सकाळी आमचं चालूच असतं. एखादा राहिला असेल मागे.

दुरुस्तीवाली: गेल्या उन्हाळ्यातला आहे.

लिफ्टमन: उन्हाळा यंदा लांबला.

दुरुस्तीवाली: काका, बाहेर लोक स्वेटर घालून फिरतायत.

लिफ्टमन: तुला गंमत सांगतो. आमच्या इमारतीत एकदा लिफ्ट अडकली, मध्येच. आत एक मुलगा, एक मुलगी, आणि मी. दार उघडेपर्यंत त्यांचं लग्न ठरलं, मानपानावरून भांडण झालं, आणि मोडलंसुद्धा. बाहेर आले तेव्हा ओळखही दाखवली नाही एकमेकांना. सांगायचं काय, अडकलेल्या ठिकाणी वेळ निराळी चालते.

दुरुस्तीवाली: पाकिटं पण साचलीत इथं. रोजचं एक, फाडलेलंच नाही. त्या उन्हाळ्यापासून.

लिफ्टमन: ती आळशी झालीय हल्ली.

गिऱ्हाईक: ओ मॅडम, या फोनला कव्हर आहे का? काळं नको. निळं नको. पारदर्शक पण नको, लगेच पिवळं पडतं.

दुरुस्तीवाली: मग काय रंगाचं हवंय?

गिऱ्हाईक: चांगल्या.

दुरुस्तीवाली: चांगला रंग उद्या येईल. उद्या या.

गिऱ्हाईक: उद्या नक्की ना? आजोबा, जरा सरका हो, मला तो आरसा—

दुरुस्तीवाली: टेबलाला हात लावू नका! उद्या या म्हटलं ना!

गिऱ्हाईक: काय माणसं आहेत. जातो, जातो.

(टेबलावरचा छोटा पंखा फिरत राहतो.)

दुरुस्तीवाली: काका. ताई घरी आहेत ना?

लिफ्टमन: मशीन आहे. मशीनवर अर्धी बाही आहे, कोणाची ते माहीत नाही, न्यायला कोणी आलं नाही. चष्मा आहे. कडी मीच घालतो आतून. तू वायरीकडे बघ. माझ्याकडे काय बघतेस? विझेल.

दुरुस्तीवाली: नाही विझत. धरून ठेवलीय. तुम्ही दोघंच होतात घरात?

लिफ्टमन: दोघंच. तिचं लग्न मशीनशी लागलं, माझं लिफ्टशी. दोघांच्याही सासरी नुसतं लोखंड. ही कार्डं तिनंच आणली. कोण्या गिऱ्हाइकाच्या पोरानं दाखवली तिला, आणि ती कपडे बघत बसली. मग मला म्हणाली, तूही घे, एकटीनं सौदा होत नाही.

दुरुस्तीवाली: रोज सकाळी?

लिफ्टमन: ती स्वयंपाकघरात, मी बाहेर. मध्ये एक भिंत. तोंडानं बोलायचं नाही, फोनवरनं विचारायचं. आणि आमच्यात एक रीत होती. पहिल्या दिवशी हो म्हणायचं नाही. कितीही बरा सौदा असो, झुलवायचं. उद्या सांगतो म्हणायचं. पहिल्या दिवशी हो म्हणणारा मूर्ख. मग दिवसभर ती भांडी आपटणार, मी शीळ घालणार, आणि दुसऱ्या सकाळी सौदा.

दुरुस्तीवाली: आणि हा अर्धवट राहिलेला?

लिफ्टमन: दवाखान्यातला. तिच्या घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. म्हटलं, बरं झालं, आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकशील. तर तिनं उशीखालनं फोन काढला. माझ्या खिशात टिंग वाजलं. बघतो तर सौदा. दे वाचून, काय लिहिलंय.

दुरुस्तीवाली: ताई देतायत... काजळकन्या. मागतायत गोंदवीर.

लिफ्टमन: काजळकन्या म्हणजे तिच्या गळ्यातला ताईत. काळा झगा, आणि काठ असा आत वळवलाय की टाका शोधून सापडत नाही. मी किती मागितली! माझ्या साऱ्या फौजेच्या बदल्यात मागितली, तरी दिली नाही. आणि ती काढून दिली कशासाठी, तर गोंदवीरासाठी.

दुरुस्तीवाली: गोंदवीर चांगला नाही?

लिफ्टमन: भिकार. तुझ्या भाच्याकडे डझनभर असतील. हात लावेल तिथं चिकटतो, एवढीच त्याची करामत. शत्रूला चिकटतो आणि त्याच्याबरोबरच फरफटत जातो. लहानपणी मी ताईच्या फ्रॉकचं टोक धरून हिंडायचो. दुकानात, विहिरीवर, तिच्या वर्गातसुद्धा जाऊन बसायचो. गोंद म्हणायची मला. ते कार्ड माझ्या पाकिटातनं निघालं त्या दिवशी ती इतकी हसली, सुईत दोरा ओवता येईना.

दुरुस्तीवाली: मग तुम्ही काय केलंत?

लिफ्टमन: रीतीप्रमाणे केलं. मान हलवली आणि म्हटलं, उद्या सांगतो. तिनं डोळे मोठे केले. भांडी नव्हती ना आपटायला. मी शीळ घातली, नर्सनं मला बाहेर काढलं.

दुरुस्तीवाली: आणि उद्या...

लिफ्टमन: हं.

दुरुस्तीवाली: पण काका, नंतर तरी हो म्हणायचंत. बटण तर तुमच्याच फोनवर होतं.

लिफ्टमन: रोज उघडतो मी. रोज सकाळी. तिथं लिहिलेलं असतं, ‘समोरची व्यक्ती तुमच्या उत्तराची वाट पाहत आहे.’ आणखी कोणी नाही बघत गं, माझ्या उत्तराची वाट. हो म्हटलं की ती ओळ गेली. परवा कपड्यांना खळ घालताना माझ्याच हातनं तिचा फोन बादलीत पडला. म्हणून म्हटलं, फोन तेवढा नीट कर. कार्डं वाचव बिचव हे मी आपलं सांगायचं म्हणून सांगितलं. फोन चालू राहिला तर तिची वाट चालू राहील. बस, एवढंच.

दुरुस्तीवाली: खरं सांगू?

लिफ्टमन: सांग. खोटं सांगायला मी आहे.

दुरुस्तीवाली: फोन नाही वाचत. वायर काढली की संपला. माझ्याकडे नाही, आणखी कोणाकडेही नाही. खातं वर्षभर उघडलं नाही की ॲपवाले ते पुसतात. मग ही विचारणाही जाईल. उत्तर न मिळता जाईल.

लिफ्टमन: म्हणजे तिला वाटेल, मी नाही म्हटलं.

दुरुस्तीवाली: वाटायला... हो. तसंच होईल.

लिफ्टमन: उजेड हलतोय तो.

दुरुस्तीवाली: वायर तापलीय. थोडा वेळ धरेल. तुमचा फोन हा घ्या. हिरवं बटण हो, लाल नाही. मी नाही दाबणार.

लिफ्टमन: एक विचारतो. हो म्हटलं तर गोंदवीर जाईल कुठं?

दुरुस्तीवाली: ताईंकडे. या फोनवर दिसेल.

लिफ्टमन: आणि मग हा विझला की?

दुरुस्तीवाली: मग तोही याच्यातच. कोणाला दिसणार नाही.

लिफ्टमन: फरफटत जाणार लेकाचा. त्याची ती करामतच आहे.

दुरुस्तीवाली: काका, लवकर.

लिफ्टमन: चष्मा धुरकट झालाय. हिरवं कुठलं?

दुरुस्तीवाली: उजवीकडचं.

लिफ्टमन: हे?

दुरुस्तीवाली: हे.

लिफ्टमन: घे बाई. हो. हो म्हटलं.

दुरुस्तीवाली: लागला सौदा! हे बघा, इकडे ताईंच्या फोनवर गोंदवीर आला. सगळ्यात वरच बसलाय. तुमच्याकडे?

लिफ्टमन: आलीय. काजळकन्या. बघ, काठ बघ. टाका सापडतो का सांग.

दुरुस्तीवाली: नाही सापडत. काका, आता रस्ता मोकळा झाला, वायर तग धरून आहे. ताईंची बाकीची कार्डं ओढून घेऊया पटापट. बोला, तुमच्याकडची कुठली देऊ?

लिफ्टमन: नको.

दुरुस्तीवाली: अहो, सगळी जातील. एवढी वर्षं जमवलेली.

लिफ्टमन: राहू देत तिकडेच. गोंदवीर नवखा आहे तिथं, कोणाला ओळखत नाही. सोबत असू दे.

दुरुस्तीवाली: नक्की?

लिफ्टमन: हात भाजेल तुझा. सोड ती वायर.

दुरुस्तीवाली: सोडू?

लिफ्टमन: सोड.

दुरुस्तीवाली: ...विझला.

लिफ्टमन: हं.

दुरुस्तीवाली: मागचं झाकण लावून देते नीट. घरी ठेवायला बरं दिसेल.

लिफ्टमन: स्क्रू सगळे लाव. ती मोजते.

दुरुस्तीवाली: सगळे लावते. आता तरी चहा सांगू, काका?

लिफ्टमन: सांग. आता काही घाई नाही.