मावशीची तूर आणि स्पीड ब्रेकर

आमच्या गल्लीत ब्रेकर कसा झाला, सांगू काय?

अकोल्याची गल्ली आमची, पण पोरं गाड्या अशा पळवत की समोरच्या विमलमावशीच्या नातवाचा पाय मोडला. मंग महापालिकेचा इंजिनिअर ब्रेकर लागते का ते पाहाले आला. आला तो भर उन्हाळ्यात. मावशीनं डाळीची तूर अर्ध्या रस्त्यावर वाळू घातली होती. तिच्या धाकानं गाड्या मुंगीच्या पावलानं चालून राहिल्या होत्या.

तासभर पाहून साहेब म्हणाले, "इथे सगळे हळूच चालवतात. ब्रेकरची गरज दिसत नाही."

मावशी तूर हलवता हलवताच म्हणाली, "आज तूर हाये म्हणून, बापू. पावसाळ्यात काय वाळू घालू? तुले?"

मृगाच्या आधी ब्रेकर झाला.